बाळंतिणीजवळ बसणारी बाई

माझी पहिली मुलगी मी पाहिली नाही. नऊ महिने पोटात वागवली, दिवसभर कळा सोसून जन्माला घातली, आणि ती दिसायला कशी होती हे मला दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकावं लागलं. त्या बाईला आमच्या गावात सगळे याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. गावाला लागून असलेल्या तांड्यावर ती राहायची. पन्नाशीच्या पुढची, उंच, रुंद हाडाची, हनुवटीवर गोंदण. तिचं माझं नातं काहीच नव्हतं. आम्ही बौद्ध, ती बंजारा. तांड्याचं आणि आमच्या वस्तीचं येणंजाणं शेताच्या धुऱ्यापुरतं, बांधावरच्या दोन शब्दांपुरतं.

याडी सुईण नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी तिला सुईण समजूनच दोष दिला. आता घरी बाळंतपण कोणी करत नाही. फोन केला की गाडी येते, बाई दवाखान्यात जाते. पण दवाखान्यात गेलेल्या बाईजवळ बसायला कोणी तरी लागतं. आईला कापूस वेचायला जायचं असतं, सासूचा पाय घरातून निघत नाही, नवऱ्याला आत सोडत नाहीत. मग याडीला बोलावणं जायचं. ती तपासायची नाही, औषध द्यायची नाही, लेकराला पहिला हात लावायची नाही. ती बसायची. कंबर चोळून द्यायची, उठवून चालवायची, घोटघोट पाणी पाजायची, कळ आली की स्वतःचं मनगट पुढे करायची. बाई घरी आली की रोज सकाळी येऊन तिला तेल लावायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची आणि आपल्या कामाला जायची. शहरात म्हणे आता अशा बायांना शिकवून तयार करतात, त्यांच्या कामाला इंग्रजी नाव आहे. याडीच्या कामाला नाव नव्हतं. "मी बाळंतिनीपाशी बसतो," एवढंच ती सांगायची.

मी मूळची राजूरची. वडील कोळशाच्या खाणीत होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली. लग्न होऊन कळंबच्या बाजूच्या या गावात आले आणि वर्षभरात दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी दोन खोल्या, खोकणारे वडील आणि ड्यूटीवर जाणारा भाऊ. सासूबाई म्हणाल्या, "इथंच होऊ दे. पन मले रगत पाह्यवत नाही. याडीले सांगून ठेवतो."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. याडीला आमच्या घरात आणलं ते सासूबाईंनी.

सातवा सरत आला तेव्हा ती पहिल्यांदा आली. अंगणात माझ्यासमोर बसली, पोटाकडे पाहिलंच नाही. चहा संपवून एकदम विचारलं, "तुले राग आला तं तू काय करते?"

मी म्हणाले, "रडते."

"आन् दुखलं तं?"

"गप्प राहते."

"तिथं गप नको राहू," ती म्हणाली. "दात खाऊन पडून राह्यते ते बाई लवकर थकते. रड, शिव्या दे, मले दे. मले सवय हाय."

मी हसले. मग ती रोज संध्याकाळी शेतातून जाताना दारात थांबायची, आत न येता एखादं काही विचारून जायची. झोप येते का. पाय सुजतात का. कोणी काही बोललं का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी कधी दिलं नाही, पण तो विचारला जातो म्हणून बरं वाटायचं. आई गेल्यापासून मला असं कोणी विचारलं नव्हतं.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. मी, नवरा आणि याडी. सासूबाई दिवसभरात मागून येणार होत्या. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. लिहून काही होत नाही हे आम्ही तेव्हाच पाहिलं.

दारात सिस्टरनं याडीला अडवलं. "ही कोण लागते?"

"याडी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माय."

सिस्टरनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्या कपाळाला काही नाही, गळ्यात साधी पोत. तिचे दंडापर्यंत बांगड्यांचे वळ उमटलेले हात. पण सिस्टरनं जाऊ दिलं. याडी खोटं बोलली नव्हती. तिच्या भाषेत तिनं आपलं नावच सांगितलं होतं.

आत गेल्यावर तिनं आणि दुसऱ्या एका सिस्टरनं पोट तपासलं, ठोके ऐकले. ठोके चांगले आहेत म्हणाल्या. नळी लावली, त्यातून औषध सुरू केलं आणि "वेळ आहे अजून" म्हणून निघून गेल्या. त्या खोलीत तीन खाटा होत्या. पलीकडच्या खाटेवरची मुलगी विशीचीही नसेल. ती ओरडली की सिस्टर दारातूनच म्हणायची, "आता ओरडते? तवा नाही ओरडली?" आणि दुसरी हसायची. माझी कळ वाढली तेव्हा मीही ओरडले आणि मलाही तेच ऐकावं लागलं. मी शिकलेली, खाजगी शाळेत शिकवणारी बाई. मला वाटलं होतं माझ्याशी असं कोणी बोलणार नाही. त्या खाटेवर चढल्यावर शिकलेली आणि न शिकलेली असं काही राहत नाही.

याडीनं माझी कंबर चोळणं थांबवलं नाही. हात चालू ठेवून तिनं मान वळवली आणि सिस्टरला विचारलं, "बाई, तुले लेकरं हायेत?"

"आहेत. का?"

"मंग तुलेबी कोनी असंच बोललं अशीन."

 सिस्टरनं हातातला ट्रे ठेवला, पुन्हा उचलला आणि बाहेर गेली. त्यानंतर तिनं टोमणा मारला नाही. पण आमच्याकडे यायचंही बंद केलं.

दुपार चढली. याडी मला उठवून दोन पावलं चालवायची, नळी सांभाळत, मग बसवायची. मी तिला शिव्या दिल्या. राजूरच्या कॉलनीत ऐकलेल्या सगळ्या. ती "हो, हो" म्हणायची. मग एका कळेनंतर मला जाणवलं की पोट नुसतं आवळतंय, आत काही हलत नाही. मी म्हणाले, "याडी, हे हलून नाही राह्यलं."

तिनं मला उलट काही विचारलं नाही. सरळ बाहेर गेली. सिस्टरचा आवाज मला ऐकू आला, "झोपलं असेल. लेकरं झोपतात." मग याडीचा, "एकदा पाह्य तं खरी." मग सिस्टरचा, "डॉक्टर आले की पाहतील." डॉक्टर जेवायला गेले होते, की दुसऱ्या दवाखान्यात गेले होते, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. याडी परत आली, माझ्याजवळ बसली, आणि पुन्हा उठून गेली. असं किती वेळा झालं सांगता येत नाही. शेवटी तिनं व्हरांड्यात उभं राहून हाक मारली, तांड्यावर दूरच्या शेतातल्या माणसाला मारतात तशी. नवरा धावत आला. तो बिचारा कोणाशी मोठ्यानं न बोललेला माणूस. तोही ओरडला.

डॉक्टर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. खोलीत फक्त खरखर ऐकू येत होती. ते माझ्याकडे न पाहता सिस्टरला म्हणाले, "यवतमाळला पाठवा. लगेच."

दिवसभर ज्यांना वेळ होता त्यांना आता घाई झाली होती.

गाडीत याडी माझ्या डोक्याशी बसली होती. मी विचारलं, "गेलं का?"

"मले नाही माईत," ती म्हणाली. दुसरं कोणीही "नाही गं, असं बोलू नको" म्हणालं असतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि खड्ड्यांत हादरा बसू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

यवतमाळला तरुण डॉक्टरीण होती. तिनं नीट सांगितलं, माझ्याकडे पाहून. ठोके नाहीत. तरीही बाळंत व्हावं लागेल. मी म्हणाले, मला हे करायचं नाही, मला बेशुद्ध करा, कापून काढा. ती म्हणाली तसं करणं माझ्यासाठी चांगलं नाही. मग तिनं याडीकडे पाहिलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "यांना राहू द्या इथं." त्या सगळ्या दिवसात कोणी केलेलं एवढंच चांगलं काम मला आठवतं.

मेलेलं लेकरू जन्माला घालायलाही तेवढ्याच कळा लागतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मध्ये मी थांबले. म्हणाले, आता नाही होत, आणि कोणासाठी करू? याडीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"हे तुलेच करा लागते, पोरी. माह्या हातात असतं तं मी केलं असतं. मी हाय इथं. कुठी नाही जात."

मुलगी झाली. कोणी म्हणालं नाही, पण मला कळलं, कारण मी विचारलं तेव्हा सिस्टरनं नुसती मान हलवली. रडण्याचा आवाज नसलेली ती खोली मी वर्णन करू शकत नाही, करायचीही नाही. मी हात पुढे केले. "द्या मला." त्यांनी तिला कपड्यात गुंडाळलं आणि बाहेर नेलं. मला टाके घालायचे होते. याडी त्यांच्यामागे गेली.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं, थोडं नवऱ्याकडून, थोडं याडीकडून. सासूबाई तोवर पोचल्या होत्या. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याला बोचकं हातात घेववत नव्हतं. याडीनं घेतलं. बाकावर बसून तिनं कपडा उघडला, पदर ओला केला आणि पोरीचं तोंड पुसलं. मग उठली आणि परत आत यायला निघाली.

"कुठं नेते?" सासूबाईंनी विचारलं.

"तिच्या मायपाशी."

"काही गरज नाही. पाह्यलं तं वेड लागन तिले."

"नाही पाह्यलं तं लागन," याडी म्हणाली.

सासूबाईंनी बोचकं तिच्या हातातून घेतलं. मी आतून ओरडून मागत होते, ते व्हरांड्यात ऐकू येत होतं. सिस्टर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "घरच्यांनी नको म्हटलंय." घरचे म्हणजे कोण, आणि मी कुठली, हे मी तिला विचारलं नाही. तेवढी ताकद नव्हती.

त्याच रात्री दीर आणि बाकीची मंडळी तिला घेऊन गावाकडे गेली.

मला वॉर्डात ठेवलं ते लेकरं झालेल्या बायांमध्ये. दोन्ही बाजूंना पाळणे. सासूबाई उशाशी बसून सांगत होत्या, "वय हाय तुह्यं. दुसरं होईन. याचं नाव काढू नको." नवरा जमिनीकडे पाहत बसलेला. दुसऱ्या दिवशी याडी आली. अंत्यविधी आटोपून, घरी जाऊन, पुन्हा बस धरून आली होती. सासूबाई चहाला बाहेर गेल्या तशी ती खाटेवर टेकली.

"सांगू तुले?"

मी मान हलवली.

"केस लय होते. काळे. कपायाले चिकटेल. एक कान दुमडेल होता, असा." तिनं स्वतःचा कान दुमडून दाखवला. "बोटं लांब. नखं वाढेल. ओठ तुह्यासारखे, खालचा जाड. रंग तुह्या नवऱ्यावर गेला. कुठी खरचटलं नव्हतं. झोपल्यावानी होती."

मी तिला तीनदा सांगायला लावलं. ती तीनदा बोलली, शब्द न बदलता. माझ्या मुलीचं माझ्याजवळ एवढंच आहे.

घरी आले आणि दूध आलं. दुधाला कोणी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला, ब्लाउज ओला राहू लागला. घरात कोणाला कळेना की अशा बाईचं करायचं काय. लेकरू असतं तर सगळ्यांना सगळं माहीत होतं, शेक, धुरी, लाडू, पाळणा. आता माझी खोली ओलांडताना लोक पाय हळू टाकायचे. बाळंतपणासाठी सासूबाईंनी डिंकाचे लाडू आधीच करून ठेवले होते. भेटायला येणाऱ्या बायांना चहाबरोबर ते लाडू दिले जायचे. मी आतून पाहायचे. बाया हळहळायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि माझा लाडू खायच्या.

तिसऱ्या सकाळी याडी तेलाची वाटी घेऊन आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"आता कायले आली?" सासूबाईंनी विचारलं. "लेकरू नाही, काही नाही."

"लेकरू नसलं तं बाळंतीन नाही का थे?" याडी म्हणाली आणि चुलीवर पाणी ठेवलं.

तिनं माझं अंग चोळलं. कढत पाणी पाठीवर घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा मोकळी रडले, न्हाणीच्या तट्ट्याआड. दुखू नये एवढंच दूध तिनं हातानं काढून दिलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, जुन्या लुगड्याची पट्टी नीट बांधून दिली. तापासाठी मात्र नवऱ्याला सांगून गोळ्या आणवल्या. रोज यायची. येताना ज्वारीची भाकर आणि लसणाचं तिखट तुपात कालवून आणायची, मी खाईपर्यंत समोर बसायची. "रड" म्हणायची नाही, "रडू नको" म्हणायची नाही. एखाद्या दिवशी तिच्या शेळीबद्दल बोलायची. एकदा म्हणाली, तिचीही दोन गेली होती, एक सव्वा महिन्याचं. त्या वेळी तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. "म्हनून बसतो," ती म्हणाली. एवढंच. 

मला मुलीची जागा पाहायची होती. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "काय करतं पाहून?" दिराला विचारलं, तो उठून गेला. याडीला माहीत होती, कारण त्या दिवशी गडीमाणसांच्या मागे अंतर ठेवून ती चालत गेली होती. एका दुपारी मी थोडी चालू लागल्यावर ती म्हणाली, "चल." आम्ही कपाशीच्या शेतातून नाल्यापर्यंत गेलो. बाभळीखाली माती नवी दिसत होती, वर काट्याच्या फांद्या आणि दगड.

"इथं," ती म्हणाली आणि बाजूला जाऊन पाठ करून बसली.

मी किती वेळ होते माहीत नाही. पट्टी बांधलेली असूनही दूध वाहिलं. परत येताना मला हलकं वाटलं. हलकं म्हणजे बरं नव्हे. काही तरी जागेवर ठेवून आल्यासारखं.

गावात लपून काही राहत नाही. शेळ्या चारणाऱ्या बाईनं आम्हाला पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्या भडकल्या. ओल्या बाळंतिणीला मातीवर नेलं! आधी लेकराच्या तोंडावरचा कपडा काढला, पदरानं पुसलं, आणि आता हे. बोलता बोलता त्या एका वाक्याला येऊन पोचल्या, आणि ते सापडल्यावर त्यांचा आवाज शांतच झाला.

"तिचा हातच वाईट हाय. तिचीबी जगली नाही. ते बसली म्हनूनच असं झालं."

मी म्हणाले, "दवाखान्यात दिवसभर कोणी पाहिलं नाही. तिनंच हाका मारल्या. तुम्ही नव्हता तिथं."

"तू चूप राह्य. तुले कळते काय."

दवाखान्याचं म्हणाल तर नवरा पहिल्या दिवशी म्हणाला होता, "मी सोडनार नाही त्यायले." मग गावातले एक वजनदार गृहस्थ येऊन ओसरीवर बसले, चहा घेतला, म्हणाले, "भाऊ, उद्या पुन्हा पेशंट तिथंच न्या लागते. झालं ते झालं." नवऱ्यानं पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. पण एवढं मोठं दुःख घरात येऊन बसलं होतं, त्याला कोणी तरी जबाबदार लागतंच. दवाखान्याशी भांडता येत नव्हतं. याडीशी येत होतं.

त्याच आठवड्यात माझे वडील राजूरहून भेटायला आले. ओसरीवर तेच बोलणं निघालं. सासरे गावातले मानाचे. विहारात दर पौर्णिमेला बोलतात, शकुन-अपशकुन, अंगारा-धुपारा आपल्या बापजाद्यांनी कसा टाकून दिला हे फार चांगलं सांगतात. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं भाषण ऐकून मला अभिमान वाटला होता. वडिलांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. खोकला आवरला आणि विचारलं, "इवाई, कोनाचा हात वाईट असते का हो? हे तुम्ही बोलून राह्यले?"

 सासरे म्हणाले, "विहारातलं येगळं, घरातलं येगळं. बायायचं मन राखा लागते."

वडील उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि जेवायला न थांबता बस धरली.

याडीला यायला मनाई झाली. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हणाले असते ठीक आहे. पण बोलणं तोंडातोंडी पसरलं. पाण्यावर, बचत गटात, लग्नाच्या पंगतीत. पुढच्या महिन्यात गावातल्या दोन सुना बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या, एकीनंही तिला नेलं नाही. वर्ष होईतो तांड्यावरच्याही बाया बोलावीनात. एका घरी तर तिला पाहून बाळंतिणीच्या दाराला पडदा लावला. तिच्या मुलानं सांगितलं, "याडी, घरी बस आता. मले लोकं बोलतात."

मी तिला भेटायला तांड्यावर गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. उठली नाही. मी म्हणाले, "याडी, मी घरात सगळ्यांना सांगते गं. रोज भांडते."

"भांडत अशीन," ती म्हणाली. "पन तुह्यं आयकते कोन?"

 ती शेंगा सोलत राहिली. मग तिचा आवाज चढला. मी तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा. "तुह्या सासूनं मले बलावलं होतं. माह्या दारात येऊन. तिच्या दोन्ही पोरींपाशी मी बसली. थे लेकरं जगले, तवा कोनी म्हनलं नाही का याडीचा हात चांगला हाय. आता एक गेलं तं हात वाईट. जाय तू. आलेली पाहतीन तं अजून बोलतीन."

मी उठले. तिनं मला थांबवलं नाही.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. मी नवऱ्याला सांगितलं, याडी नसेल तर मी इथं बाळंत होणार नाही. तो म्हणाला, "आईले कसं सांगू?" तेव्हा मी राजूरला निघून गेले. जायच्या आधी एकदा तांड्यावर गेले आणि याडीचे पाय धरले. म्हणाले, राजूरला चल, तिथं तुला कोणी ओळखत नाही, माझ्याजवळ बस.

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. या वेळी पाहिलं.

"नाही येत मी," ती म्हणाली. "मले भेव लागते."

"कायचं?"

"काही झालं तं? आता मलेच वाटते का खरंच असन."

मी तिला हलवून सांगितलं की असं नसतं.  शिकल्यासवरल्या माझ्या सासऱ्यांनी जे मान्य केलं होतं, ते न शिकलेल्या बाईनं तरी का मान्य करू नये? सगळा गाव एकच गोष्ट सांगत असला की माणूस आपल्या हातांकडे तसंच पाहू लागतो.

राजूरजवळच्या वणीला, दवाखान्यात, मला मुलगा झाला. जवळ वहिनी होती. ती भली आहे, पण रक्त पाहून तिला चक्कर आली आणि ती बाहेर बाकावर जाऊन बसली. मी एकटीच होते. सिस्टर चांगल्या होत्या, मिनिटामिनिटाला ठोके ऐकत होत्या, आणि तरी मी भिंतीवरची खिळ्याची खूण नजरेनं धरून बसले, कारण धरायला मनगट नव्हतं. तो रडला तेव्हा मला आधी खरं वाटेना.

सासूबाई पेढे घेऊन आल्या. नातवाला मांडीवर घेतलं, आनंदानं रडल्या. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं; तेच अवघड आहे. मग वॉर्डातल्या बायांना सांगू लागल्या, "पहिल्या वेळी एका बाईले बसवलं होतं. या खेपेस ते नव्हती. पाहा, कसं सारं चांगलं झालं."

बाया "हो ना" म्हणाल्या. माझा जिवंत, लाल, मुठी आवळलेला मुलगा त्यांच्या मांडीवर होता. त्याच्याइतका धडधडीत पुरावा कोणाला हवा होता? मी काही तरी बोलले. माझा आवाज त्याच्या रडण्यात बुडाला आणि सगळ्या त्याच्याकडे वळल्या.

आता तो शाळेत जातो. मागच्या हिवाळ्यात कळंबच्या बाजारात त्याला घेऊन गेले होते. चिंतामणीच्या देवळाकडून येणाऱ्या रस्त्यावर भाजीवाल्यांच्या शेवटी याडी बसलेली दिसली, समोर गोणपाटावर वालाच्या शेंगा. केस पार पांढरे झालेले. मी जाऊन शेजारी बसले. तिनं सरकून जागा दिली. बोलणं शेंगांचं, थंडीचं. मी विचारलं, सून कशी आहे.

"दिवस हायेत तिले," ती म्हणाली. "माहेरी गेली."

"पहिलंच ना? रीतच आहे."

"दुसरं हाय." ती शेंगा वरखाली करू लागली. "पहिल्यालेबी गेलती. इथं नको म्हने."

मुलगा माझ्या मागून पुढे आला आणि शेंगांत हात घालून एक उचलली. मी त्याला म्हणाले, "ही याडी आहे. पाया पड." तो वाकला. त्याचं डोकं तिच्या गुडघ्याशी आलं. तिचा हात उचलला गेला, मग तिनं रस्त्याकडे पाहिलं, आमच्या गावच्या दोन बाया कांदे घेत उभ्या होत्या. तिनं हात मांडीखाली घेतला.

"जाय बापा," ती त्याला म्हणाली. "थे शेंग घेऊन जाय."